मनगटावरचा वास

डॉ. राजेश्वरी कोरी यांच्या दवाखान्यात तो कुत्रा पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला न खाता नऊ दिवस झाले होते.

२०४० सालचा नोव्हेंबर होता. गडहिंग्लजला कडगाव रोडवर त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना. पुढच्या खोलीत दोन बाकं, मागच्या खोलीत स्टीलचं टेबल. कुत्र्याला कडेवर घेऊन आलेला माणूस साठीच्या जवळ आलेला, रुंद खांद्यांचा होता. त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर मिरचीची लाल पूड बसली होती. तो आत आला तसा खोलीत ठसका उठला आणि बाकावर मांजर घेऊन बसलेली बाई शिंकायला लागली.

"मल्लाप्पा नेवडे," त्यानं सांगितलं. "मार्केट यार्डाजवळ माझं मिरची कांडप हाय. ह्यो तांबड्या. आजवर सरकारी दवाखान्यात न्हेत हुतो. त्यांनी सगळं तपासलं, रोग काय घावंना. म्हणाले, कोरी डॉक्टरबाईंकडं ते कपाळाला बांधायचं यंत्र हाय, तिथं जावा."

ते यंत्र म्हणजे ओळखपट्टा. दोन वर्षांपूर्वी तो बाजारात आला आणि जनावरांच्या डॉक्टरांचं काम बरंच बदललं. कुत्रा जगाला नाकानं ओळखतो, हे सगळ्यांना माहीत होतंच. नाकातून आलेला प्रत्येक वास त्याच्या मेंदूत पुढच्या बाजूला एक विशिष्ट हालचाल उठवतो आणि ओळखीच्या माणसाच्या वासानं उठणारी हालचाल दर वेळी जवळपास तीच असते. माणसाची सही असते, तशी. पट्ट्यातले संवेदक कवटीबाहेरूनच ही सही वाचत. आधी घरातल्या प्रत्येकाचा एकेक वापरलेला कपडा कुत्र्यासमोर धरायचा आणि यंत्राला नाव सांगायचं. मग कुत्र्याला ज्याचा वास येईल त्याचं नाव पडद्यावर उमटे आणि त्यापुढं ओळख किती पक्की त्याचा शंभरपैकी आकडा. न खाणारा कुत्रा आजारी आहे, घाबरलाय की कुणाची वाट बघतोय, हे कळायला त्याचा उपयोग होई.

"घरात कोण कोण असतं, आप्पा?" राजेश्वरीनं विचारलं.

"मी आन् ह्यो."

"आणखी कुणाचा लळा होता त्याला?"

मल्लाप्पानं पिशवीतून आधी स्वतःचा पंचा काढला. मग एक घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात निळा चौकड्यांचा शर्ट होता.

"माझा पोरगा. बसवेश. गेला गेल्या वर्षी ऑक्टोबरात. त्याच्या अंथरुणावरच झोपायचा ह्यो. वर्ष झालं, जंगमस्वामी बोलावून पूजा केली, आन् मी त्याचं अंथरूण-पांघरूण धुऊन देऊन टाकलं. त्या दिवसापासनं ह्येनं तोंड बंद केलंय."

म्हणजे घरातला वास संपला आणि कुत्र्याच्या लेखी माणूस तेव्हा गेला. राजेश्वरीनं असे दोन-तीन कुत्रे पाहिले होते. तिनं पट्टा बांधला, दोन्ही कपडे हुंगवले, नावं भरली. मल्लाप्पानं हात पुढं केल्यावर पडद्यावर आलं: मल्लाप्पा, ९६. सगळं नीट चाललं होतं.

मग हिरड्यांचा रंग बघायला तिनं कुत्र्याचं तोंड धरलं, आणि पडदा म्हणाला: बसवेश, ९१.

तांबड्याचे कान उभे राहिले होते. त्यानं तिच्या मनगटावर नाक टेकवलं, मग कोपरापर्यंत हुंगत गेला. त्याच्या घशातून बारीक आवाज येऊ लागला आणि सगळं अंग शेपटीबरोबर हलायला लागलं. मल्लाप्पा बघतच राहिला. त्याच्याकडून दहीभाताचा डबा घेऊन राजेश्वरीनं एक घास पुढं केला. कुत्र्यानं तो खाल्ला. दुसरा खाल्ला. डबा संपवला.

"तुमच्या हाताला काय हाय, डॉक्टरबाई?"

"काही नाही हो. साबण."

तिनं हातमोजे घातले. आकडा घसरून शून्यावर आला. मोजे काढले, पुन्हा एक्क्याण्णव. बाहेरच्या मांजरवाल्या बाईला बोलावून तिचा हात धरायला लावला. पडदा म्हणाला: अनोळखी.

"यंत्र बिघडलं असेल," राजेश्वरी म्हणाली. पण कुत्र्याचं काय बिघडलं होतं, ते तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मल्लाप्पा पुन्हा आला, कारण तांबड्यानं घरी काही खाल्लं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही आला. कुत्रा तिच्या हातून खायचा आणि तोवर मल्लाप्पा बाकावर बसून बोलायचा. कांडपाच्या धडधडीत आयुष्य गेल्यामुळं तो मोठ्यानं बोले.

"शेडवरनं पडला वो. सोलरचे पॅनेल बसवायचा. वीस फुटांवरनं. लोक म्हणत्यात पाय घसरला. मी म्हणतो, चक्कर आली असणार. त्येच्या आदी आठ म्हैने त्यो कोल्हापूरला जाऊन कुणा परक्याला रक्तातलं कायतरी देऊन आला हुता. मूळपेशी का काय म्हणत्यात. कॉलेजात असताना नाव नोंदवलं हुतं, त्यांचा फोन आला, आन् मला न विचारता गेला."

राजेश्वरीचा हात कुत्र्याच्या डोक्यावर थांबला.

"कधी गेले होते ते?"

"एकोणचाळीसच्या फेब्रुवारीत. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी." मल्लाप्पानं तिच्याकडं न बघता पुढं म्हटलं, "ज्येनं घेतलं त्यो कुठं तरी मजेत जगत असंल. माझं पोरगं मातीत बसवून आलो मी. देवापुढं रोज बसतो, पर त्या माणसाचं भलं व्हावं असं माझ्या तोंडातनं निघत न्हाई."

महाशिवरात्रीच्या तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एका इस्पितळात राजेश्वरीच्या नसेत मूळपेशींची एक गुलाबी पिशवी रिकामी झाली होती. रक्ताच्या कर्करोगावर दुसरा इलाज उरला नव्हता. दात्याबद्दल तिला नियमाप्रमाणं एवढंच सांगण्यात आलं होतं: पुरुष, वय सत्तावीस, रक्तगट ओ. तिचा स्वतःचा गट बी होता. सहा महिन्यांनी तो ओ झाला.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. विश्वनाथ हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत असे. तो भाजी निवडत होता, ती त्यानं बाजूला ठेवली.

"पण वास कसा बदलेल? कातडी तर तुझीच आहे."

"माणसाच्या अंगाला जो खास वास असतो ना, तो काही अंशी पेशींवरच्या ओळखखुणांवरून ठरतो. त्या खुणा जुळल्या तरच दुसऱ्याच्या पेशी आपल्यात रुजतात. त्यांचे तुकडे रक्तातून घामात, लघवीत उतरतात. माझं सगळं रक्त आता त्याच्या पेशी तयार करतात, विशू. उंदरांमध्ये हे फार पूर्वी दिसलं होतं. एखाद्याच्या हाडांतली मज्जा बदलली की बाकीचे उंदीर त्याला दुसराच उंदीर समजतात. माणसाला तो फरक कळत नाही. कुत्र्याला कळतो."

"आणि नेमका याच गावातला?"

"त्यात नवल काय? जुळणारा माणूस आपल्याच समाजात, आपल्याच भागात सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून तर कॉलेजातून शिबिरं घेतात."

विश्वनाथनं भाजीचं ताट आणखी लांब सरकवलं. "सांगू नकोस त्यांना," तो शेवटी म्हणाला. "नियमात बसत नाही. आणि त्यांनी तुला जे म्हटलं..."

"मला नाही म्हटलं."

"तुलाच म्हटलं. त्यांना माहीत नव्हतं एवढंच."

त्यानंतर राजेश्वरीला एक सवय लागली. हातातलं काम थांबलं की ती स्वतःचं मनगट नाकाशी धरी. साबणाचा वास, औषधाचा वास, कधी शेळीच्या दुधाचा. त्याच्याखाली एक माणूस होता आणि तिला त्याचा पत्ता लागत नव्हता. बसवेशच्या सवयी आपल्यात आल्यात का, हेही तिनं शोधून पाहिलं. काहीच आलेलं नव्हतं. ती पूर्वीसारखीच अळणी खायची आणि उंचावर गेलं की तिचे पाय कापायचे. पण आरशासमोर केस विंचरताना आपल्यामागं कुणीतरी उभं असावं, तशी ती थबके. आणि सकाळी तांबड्या रिक्षातून उतरला की थेट तिच्या पायांशी येऊन लोळण घेई, वर बघे, तेव्हा तिला वाटे, हा माझ्याकडं बघतच नाहीय.

सोळाव्या दिवशी तिनं सांगितलं.

दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मल्लाप्पानं सगळं ऐकून घेतलं. इस्पितळ, तारीख, रक्तगट.

"त्यांना चक्कर त्यामुळं आली नसावी, आप्पा," ती म्हणाली. "दिलेल्या पेशी महिन्या-दीड महिन्यात भरून येतात. हे मी माझ्या सुटकेसाठी बोलत नाही."

मल्लाप्पा उठला. दारापर्यंत गेला. कुत्र्याला त्यानं हाक मारली, पण तांबड्या राजेश्वरीच्या पायाशी बसून राहिला. मल्लाप्पा एकटाच निघून गेला.

पाच दिवस तो आला नाही. तांबड्या दवाखान्यातच राहिला. सहाव्या दिवशी दुपारी मल्लाप्पा दारात उभा होता. दाढी वाढलेली, कपडे मात्र धुतलेले.

"कांडप बंद ठेवलंय आज," तो म्हणाला. "घरात मिरचीचा खाट नगो म्हणून. थोडा वेळ येऊन बसाल का त्येच्या खोलीत? मला काय कुत्र्यासारखं नाक न्हाई. पर तुमी बसला तर त्यो खोलीत हाय म्हणायचं."

ती गेली. खोलीत उघडा लोखंडी पलंग होता आणि भिंतीवर इष्टलिंग हातात घेतलेल्या एका बाईचा फोटो, बहुधा बसवेशच्या आईचा. राजेश्वरी पलंगावर बसली. तांबड्या उडी मारून तिच्याशेजारी चढला आणि दोन मिनिटांत झोपला. मल्लाप्पा उंबऱ्याजवळ जमिनीवर बसला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. तिच्या हाताकडं बघत तो बोलायला लागला.

"सांगून जायला काय झालं हुतं तुला? मी नगो म्हणलो असतो, खरं हाय. मग भांडायचं. भांडून जायचं. मी आठ म्हैने बोललो न्हाई तुझ्याशी, तू बी बोलला न्हाईस. ताट वाढून मी बाहेर जायचो. त्या दिवशी बी तसाच गेलो. तू आतनं म्हणालास, आप्पा, येतो. मी ऐकलं. हूं म्हणायला काय पैसं पडत हुतं का? म्हणलो न्हाई."

राजेश्वरीच्या ओठांवर शब्द आले होते. पण ते कुणाच्या वतीनं बोलायचे? तिनं फक्त हात पुढं केला. मल्लाप्पानं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे तळवे वर्षानुवर्षांच्या मिरचीनं चरबरीत झाले होते आणि तिचं मनगट हळूहळू जळजळायला लागलं. तिनं हात काढून घेतला नाही.

पुढं दर गुरुवारी ती जायची. विश्वनाथला ते आवडत नव्हतं. "तू स्वतःच्या घरी असतेस तेव्हाही तिथंच असतेस," तो एकदा म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तांबड्या घरी खायला लागला, त्याच्या बरगड्या बुजल्या. महिन्यातून एकदा ती पट्टा बांधून आकडा बघे. डिसेंबरात एक्क्याण्णव, जानेवारीत अठ्ठ्याऐंशी. मार्चमध्ये एकोणऐंशी आला, तेव्हा तिनं संवेदक बदलले. एप्रिलमध्ये चौसष्ट. मल्लाप्पाच्या हातावर मात्र तोच पट्टा शहाण्णव दाखवत होता.

त्या गुरुवारी तांबड्या पलंगावर चढला नाही. तिच्याजवळ येऊन त्यानं हुंगलं, थांबला, पुन्हा हुंगलं आणि खोलीच्या मधोमध उभा राहून दोघांकडं बघत राहिला.

राजेश्वरीला तेव्हा कळलं. यंत्रात बिघाड नव्हता. तिच्या रक्तात बसवेश कमी होत होता. त्याची जागा दुसरं कुणी घेत असेल, तर ती तिचीच जुनी, बिघडलेली पेशी होती.

कोल्हापूरच्या तपासणीत तेच निघालं. दात्याच्या पेशी बासष्ट टक्के. आजार परतला होता. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या की प्रयोगशाळेच्या ठरलेल्या तारखेची वाट बघितली असती तर आणखी तीन महिने गेले असते. मग त्यांनी विचारलं, "तोच दाता पुन्हा मिळेल का?"

"ते नाहीत," राजेश्वरी म्हणाली. तिला बहीण-भाऊ नव्हते. मूलबाळ नव्हतं. आई-वडील केव्हाच गेले होते. दात्यांच्या नोंदवहीत दुसरा जुळणारा माणूस नव्हता.

मल्लाप्पाला तिनं काही सांगितलं नाही. पण त्यानं कुत्र्याकडं बघून ओळखलं होतं. सोमवारी तो दवाखान्यात आला आणि बाकावर न बसता सरळ आत आला.

"काय झालंय? खरं सांगा."

तिनं सांगितलं.

"मग दुसरं कुणाचं चालतंय?"

"अर्धं जुळणारं हल्ली चालतं. आई, बाप, भाऊ, असं कुणी."

"माझं?"

तिला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. त्याचीच तिला भीती होती. "बसवेशचं आणि माझं पूर्ण जुळलं होतं," ती सावकाश म्हणाली. "त्यांच्यातलं अर्धं तुमच्याकडून आलेलं. म्हणजे तुमचं-माझं अर्धं जुळणारच. तुमचं वय थोडं जास्त आहे, पण तब्येत बरी असेल तर घेतात."

"मग झालं की."

"झालं नाही, आप्पा. पूर्ण ऐका. नव्या पेशी घालण्याआधी आतलं सगळं औषधानं साफ करतात. माझं आजारी रक्त जाईल, त्याबरोबर त्यांच्या उरलेल्या पेशीही जातील. एकसुद्धा राहणार नाही."

मल्लाप्पा टेबलाची कड धरून उभा होता. बाहेर कुणाचं तरी वासरू हंबरत होतं.

"आत्ता किती हाय त्यो?"

"निम्म्याहून थोडा जास्त."

"आन् काय केलं न्हाई तर?"

"तर मी जाईन. आणि मग तसंही ते राहणार नाहीत."

"किती दिवस?"

"सहा महिने. कदाचित आठ."

"आठ म्हैने," तो म्हणाला. त्या आवाजातली ओढ तिला ऐकू आली. आपण जगावं यापेक्षा आपल्यातला तो आठ महिने राहावा, हा हिशोब समोरच्या माणसाच्या डोळ्यांत तिला स्पष्ट दिसला. तिनं त्याला दोष दिला नाही. बसवेश तिचा मुलगा असता आणि मल्लाप्पाच्या जागी ती असती, तर तिनंही तोच केला असता.

तो निघून गेला. राजेश्वरीनं त्या दिवशी उरलेली जनावरं तपासली, दोन टाके घातले. कुठल्या जनावराला कसले टाके घातले, ते तिला घरी गेल्यावर आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला ती आली, तेव्हा मल्लाप्पा पायरीवर बसला होता. शेजारी एक पिशवी होती. तिच्यातून पंचा आणि घासलेला तांब्या डोकावत होता.

"रातभर त्येच्याशी भांडलो," तो म्हणाला. "त्येनं परक्या माणसाला दिलं तवा काय बघून दिलं? नाव न्हाई, गाव न्हाई. मी तर तुम्हाला रोज बघतोय. त्येनं एकदा वाचवलेलं माणूस मी बसून मारलं, तर वर गेल्यावर त्यो माझ्याशी बोलंल का?" तो उठला. "तांबड्याला शेजारी ठेवलंय. कोल्हापूरची गाडी कितीची हाय?"

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राजेश्वरी पुन्हा दवाखान्यात आली. डोक्याला रुमाल, वजन अकरा किलोनं कमी. विश्वनाथनं शाळेतून अर्धा दिवस रजा काढून तिला सोडलं आणि "दोन तासांच्या वर नाही" असं बजावून गेला. मागच्या खोलीत धूळ होती. तिनं टेबल पुसलं, खिडकी उघडली. पट्ट्याचं खोकं फळीवर होतं, तिथंच राहू दिलं.

मल्लाप्पा दहाच्या सुमारास तांबड्याला घेऊन आला. उन्हाळ्यात तिला पेशी देताना टोचलेल्या सुयांच्या खुणा कधीच गेल्या होत्या, तरी त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. ती कोल्हापूरला गेल्यावर कुत्र्यानं पुन्हा खाणं सोडलं होतं, पण मग तो मल्लाप्पाच्या हातून खायला शिकला होता. थोडं, पण रोज.

"जा," मल्लाप्पा म्हणाला आणि त्यानं साखळी सोडली.

तांबड्या तिच्याजवळ आला. तिनं जमिनीवर बसून हात पुढं केला. त्यानं मनगट हुंगलं. कोपरापर्यंत हुंगलं, पुन्हा खाली आला, तळहात हुंगला. फार वेळ. मग त्यानं मान वळवून मल्लाप्पाकडं बघितलं, परत तिच्याकडं बघितलं. शेपूट दोनदा हलली, धन्याच्या घरी आलेल्या पाहुण्यापुढं हलते तेवढीच. तो वळला, मल्लाप्पाच्या पायाशी गेला आणि पुढच्या पंजांवर तोंड ठेवून पडला. त्याचे डोळे उघडे होते.

राजेश्वरी हात तसाच धरून बसली होती. तिला वाटलं होतं, ओझं उतरेल.

मल्लाप्पानं भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली बसला. त्याच्या छातीतून आधी नुसता वारा निघाल्यासारखा आवाज आला. मुलाला मातीत बसवताना, जंगम मंत्र म्हणत असताना, लोक सांत्वनाला येऊन जाताना जे आलं नव्हतं, ते आता आलं. तो तोंडावर पंचा धरून रडायला लागला. मोठ्यानं, कांडपावर बोलायचा तसा.

पुढच्या खोलीत कुणीतरी आलं. शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि बाईमाणसाची हाक आली, "डॉक्टर, हाईसा का आत? शेळी फुगलीय वो माझी!"

राजेश्वरी भिंतीच्या आधारानं उठली. मधल्या दारात जाऊन तिनं अर्धं दार लोटून घेतलं.

"दहा मिनिटं थांबा, मावशी," ती म्हणाली. "तोवर तिला उभी ठेवा, बसू देऊ नका. आमच्या घरातलं माणूस गेलंय."